सांभरचं मीठ, मांडव्याची गाडी

लेकीने फोनवर एवढंच सांगितलं होतं, ‘‘काका, ट्रॅव्हलर जाम झालाय. घेऊन येतेय, बघाल का?’’

जयपूरला राहणाऱ्या माणसाने यावरून काय समजायचं? तिथे ट्रॅव्हलर म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर, पर्यटकांचं वऱ्हाड आमेरच्या किल्ल्यापाशी नेऊन सोडणारा. माझ्या थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, शेजाऱ्यांना विनवून फाटकासमोरची त्यांची मोटार हलवून घेतली आणि ओळखीच्या एका मेकॅनिकला सकाळी नऊची वेळ दिली. आम्ही बापलेक स्टेशनवरून ऑटोने येऊन उतरलो, तेव्हा तो गल्लीच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीने बघत उभा होता.

लेकीने सॅकच्या कप्प्यातून पायमोज्यात गुंडाळलेली वस्तू काढून त्याच्या तळहातावर ठेवली. काडेपेटीहून जराशी मोठी, काळी, वर एक कडी.

‘‘हा ट्रॅव्हलर?’’

‘‘ट्रॅव्हलरची गाडी. ती ज्या पट्टीवर धावते तिचा हातभर तुकडा बॅगेत आहे.’’

दादाने मेकॅनिकला फोन करून येऊ नकोस म्हणून सांगितलं. मग चष्मा बदलला.

दादाचं अख्खं आयुष्य बेअरिंगमध्ये गेलं. जयपूरच्या खातीपुरा रोडवर 1946 साली नॅशनल बेअरिंग कंपनी या नावाने जो कारखाना निघाला, ज्याला आजही सगळे एनबीसी म्हणतात, त्या कारखान्यामुळे या वाळवंटाच्या तोंडावरच्या गावात बेअरिंग कळणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. दादा त्याच धंद्यातला, त्यातून तपासणी खात्यातला. पास की नापास, एवढेच दोन शिक्के. आणि माझी लेक आठवडाभर मुंबईत कॉम्प्युटरपुढे बसते, शनिवारी सकाळी मांडव्याला पळते. तिघा मित्रमैत्रिणींत मिळून घेतलेली एक जुनी सोळा फुटी कॅटामरान तिथे वाळूवर उभी असते. मे अखेरीला बोट वर ओढून झाकून ठेवली की नारळी पौर्णिमेपर्यंत सुटी. दुरुस्त्यांचे दिवस हेच.

पुढचा आठवडाभर या दोघांचं जे चाललं ते मी चहा पीत ऐकलं. जमेल तसं उतरवतो.

दादा : आधी हे करतं काय ते सांग. वस्तूचं काम कळल्याशिवाय ती बिघडली असं म्हणता येत नाही.

लेक : दोन निमुळत्या होड्या, त्यांच्यामध्ये ताणलेली जाळी, पुढे-मागे एकेक अ‍ॅल्युमिनियमचा आडवा दांडा. मागच्या दांड्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टी. पट्टीवर ही गाडी. आणि शीड खाली खेचणारी दोरी या गाडीच्या कडीला अडकवलेली.

दादा : म्हणजे शिडाचं एक टोक रुळावर.

लेक : बरोबर. आता वारा एकदम वाढला. आमची बोट वजनाला हलकी, रुंदीला आठ फूट. एका बाजूची होडी पाण्याबाहेर उचलली जाते. अशा वेळी दोनच गोष्टी करता येतात. दोरी ढिली सोडायची, म्हणजे शीड वरून पिळवटतं, फडफडतं, त्याचा आकारच जातो. नाहीतर दोरी आहे तशी ताणलेली ठेवायची आणि गाडी पट्टीवरून बाजूला सरकू द्यायची. शिडाचा आकार तोच राहतो, फक्त वाऱ्याशी कोन बदलतो.

दादा : दार खिळखिळं करायचं नाही, थोडं किलकिलं करायचं.

लेक : तसंच. पण दोन सेकंदांत.

दादा : आणि नाही सरकली तर?

लेक : तर आपण पाण्यात. मार्चमध्ये गेलो की आम्ही. वाऱ्याचा झोत आला, मी गाडी धरून ठेवणारी दोरी क्लीटमधून, म्हणजे तिच्या चापातून, सोडवली, गाडी जागची हलेना. बोट आडवी.

ही बातमी मला नवीन होती. तिच्या आईला अजूनही नवीन आहे.

इथे एक फाटा फोडतो. कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम्’वरून आला, कट्टु म्हणजे बांधणं, मरम् म्हणजे लाकूड. मद्रासच्या किनाऱ्यावरचा ओंडक्यांचा तो तराफा. दोन होड्या जोडायची कल्पना प्रशांत महासागरातल्या बेटांवरची, पण साहेबाने नाव आपल्याकडून उचलून तिकडच्या बोटीला चिकटवलं. वाळूवरून ढकलत न्यायची छोटी कॅटामरान जगभर पसरवली ती कॅलिफोर्नियात सर्फबोर्ड बनवणाऱ्या होबी आल्टरने, 1970 च्या आसपास. लेकीची बोट त्याच गोत्रातली.

दादाने गाडी पट्टीच्या तुकड्यावर चढवून पुढेमागे केली. गुळगुळीत नव्हती, पण हलत होती. ‘‘ग्रीस कुठाय?’’ त्याने विचारलं.

लेक : नाहीये. नसतंच.

दादा : बिनग्रीसचं बेअरिंग? अगं, पायजम्याला नाडी नसते म्हणालीस तर एक वेळ ऐकेन.

लेक : ग्रीस लावलं की वाळू चिकटते काका. आम्ही किनाऱ्यावरून बोट ढकलतो. ग्रीस अधिक वाळू म्हणजे पॉलिश पेपर. ही गाडी उघडीच असायला हवी. पाणी आत जावं आणि त्याच वाटेने घाण घेऊन बाहेर यावं. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवायची, बस्स.

दादा : आम्ही जन्मभर एकच गोष्ट शिकलो, बेअरिंगला बंद ठेवा. सील लावा, झाकण लावा, धूळ आणि पाणी आत येता कामा नये. तू म्हणतेस दोघांना घरात घ्या.

लेक : घरात घ्या, पण मुक्कामाला ठेवू नका.

बोलता बोलता दादाने गाडी पट्टीच्या टोकापर्यंत नेली. लेक ‘‘थांबा थांबा’’ म्हणेस्तोवर ती पट्टीवरून सुटली आणि आतले छर्रे ओट्यावरून, जमिनीवरून, फ्रिजखाली टपटपत गेले. पांढरे, साबुदाण्याएवढे. पट्टी हाच त्यांचा चौथा कोट होता. तो काढल्यावर ते कशाला थांबतील? वहिनीने परात दिली. आम्ही तिघे रांगलो. गाडीत दोन बाजूंना दोन फेऱ्या, एकेका फेरीत वीस छर्रे. परातीत आले एकोणचाळीस.

दादाने एक छर्रा नखावर घेतला. ‘‘प्लास्टिक?’’ त्याचा आवाज असा होता की जणू लग्नात कुणी कागदी शालू नेसून आलंय.

लेक : हसू नका. प्लास्टिकचे छर्रे कप्प्यांत घालून ज्याने नाव कमावलं तो पीटर हार्केन. 1967 मध्ये त्याने आणि त्याच्या भावाने कारखाना काढला तो विस्कॉन्सिनमधल्या पेवॉकीला. तुमच्या जयपुरासारखंच, समुद्राशी संबंध नाही. एक तळं आहे, तेवढंच.

दादा : तळं आमच्याकडेही होतं. 1982 च्या आशियाई स्पर्धांत नावा वल्हवण्याच्या शर्यती रामगढच्या तलावावर झाल्या. शिडाच्या मुंबईला, वल्ह्याच्या जयपूरला. कारखान्यातून आम्ही ट्रक भरून बघायला गेलो होतो.

लेक : आता नेता मला?

दादा : आता काय बघशील? पाणी गेलं. पावसाळ्यात कधी साचतं तेवढंच.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग दादाने आपला पत्ता काढला.

दादा : स्टीलचे घाल. स्टेनलेस. दीड सुताचा छर्रा आहे, म्हणजे तीन सोळांश इंच. इथे कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळेल. गंज नाही, झीज नाही.

लेक : आणि पट्टी कशाची आहे?

दादा : अ‍ॅल्युमिनियमची.

लेक : ब्रिनेल टेस्ट काय असते हो काका?

दादाला उत्तर देण्याआधीच सापळा दिसला, तरी दिलं. तपासणी खात्यातला माणूस प्रश्न टाळत नाही.

दादा : कठीण गोळी धातूवर ठरावीक भाराने दाबायची आणि पडलेला खळगा मोजायचा. स्वीडनच्या ब्रिनेलने 1900 साली बसवलेली पद्धत. पोलादासाठी दहा मिलिमीटरची गोळी, तीन हजार किलोचा भार.

लेक : तुमची स्टीलची गोळी माझ्या पट्टीवर दर रविवारी ब्रिनेल टेस्ट घेईल. शिडाच्या दोरीला सहापट कप्प्या आहेत. मी वीस किलोने ओढलं तर घर्षण वजा जाता शंभराच्या आसपास गाडीला मिळतातच. एवढ्या भाराखाली बारीक स्टील, मऊ पट्टी. खळगे पडणार, गाडी खळग्यांत बसणार. छर्रा झिजला तर बदलता येतो. पट्टी गेली तर अख्खी पट्टी.

दादा : हलक्याने झिजावं, भारी टिकावं.

लेक : हो.

दादा : मग इथल्या जौहरी बाजारातून अकीकाचे मणी घडवून देतो. जयपूरला काहीही गोल करून मिळतं.

हा विनोद होता. पण लेकीने खरंच अकीक किती कठीण असतो ते विचारलं आणि दादाने गंभीरपणे ‘‘काचेहून कठीण’’ असं सांगितलं. मणी बाद झाले.

दादाने माघार घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला जंतरमंतरला घेऊन गेला. मला वाटलं पाहुणचार. तो पुरावा सादर करत होता. सम्राट यंत्राच्या सत्तावीस मीटर उंच भिंतीखाली उभं राहून त्याने बोट वर केलं.

दादा : सवाई जयसिंगाकडे पितळेची यंत्रं होती. त्याने ती टाकून चुन्या-दगडाची का बांधली माहितीय? पितळी यंत्राचे आस झिजतात, मध्य ढळतो, मापं चुकतात, असं त्याने स्वतःच्या ग्रंथात कारण दिलंय. म्हणजे बेअरिंगची झीज! अठराव्या शतकात त्याने बेअरिंगच काढून टाकलं. हलणारा भागच नको.

लेक : हलते ती सावली.

दादा : सावली झिजत नाही. सेकंदाला एक मिलिमीटर सरकते, रोज, इतकी वर्षं. तुझ्या गाडीतूनही छर्रे काढ. घट्ट प्लास्टिकचा एक ठोकळा पट्टीत घाल, सरकू दे. ना सांडायची भीती ना मोजायची.

लेक : असे ठोकळे असतात. रिकामे असताना छान सरकतात. भार आला की आधी चिकटून बसतात आणि मग एकदम सुटतात. मला वारा चढताना इंच-इंच सोडता यायला हवं. आणि काका, या भिंतीचा कोन किती?

दादा : सत्तावीस अंश. जयपूरचा अक्षांश.

लेक : ही भिंत उचलून मांडव्याला नेली तर?

दादा : (थोडं थांबून) तिथला अक्षांश एकोणिसाच्या खाली. वेळ चुकेल.

लेक : मग यंत्र अचूक आहे, पण इथेच. माझी वस्तू तिथली आहे. तुम्ही ती इथे तपासताय.

दादा काही बोलला नाही. परतताना ऑटोत मात्र म्हणाला, ‘‘माप हे माप असतं. ते गाव बघून बदलत नाही.’’ खरं भांडण इथून सुरू झालं. ग्रीस आणि स्टील हे नुसतं तोंडलावणं होतं.

संध्याकाळी त्याने गाडीचा रिकामा सांगाडा शिकंजात धरला आणि विजेरीने आतला मार्ग बघू लागला. वरच्या अंगाला एकही ओरखडा नाही. ‘‘झीजच नाही,’’ तो म्हणाला, ‘‘तुमच्या हाताचा दोष असेल.’’

लेक : उलटी करा.

दादा : का?

लेक : तुम्ही रेल्वेचा विचार करताय. डबा रुळावर दाबून बसतो. ही गाडी वर ओढली जाते, शीड तिला आकाशात खेचतं. ती रुळावरून उठायला बघते आणि तिचा खालचा ओठ पट्टीच्या कडेखाली अडकतो. भार तिथे आहे.

दादाने शिकंजा सैल केला, सांगाडा फिरवला, विजेरी खालच्या ओठाच्या आत धरली. तिथे आरशासारखी चकाकणारी एक बारीक रेघ होती आणि तिच्यावर आडवे ओरखडे. बराच वेळ त्याने विजेरी हलवली नाही. मग मला हाक मारून दाखवलं, जणू हे त्यालाच सापडलंय. चाळीस वर्षं जी गोष्ट खाली दाबते तिची झीज बघितलेल्या माणसाला वर उठणारी झीज पहिल्यांदा दिसली होती. त्याला झालेला आनंद मला हेवा वाटावा असा होता.

पण तेवढ्याने गाडी का अडली ते कळत नव्हतं. छर्रे पुन्हा भरले, पट्टीवर चढवली, तर ती आता लोण्यासारखी पळत होती. लेकीचा चेहरा पडला. दुरुस्तीला आणलेली वस्तू वैद्याच्या दारात बरी होते, तेव्हा रोग्याची जी अवस्था होते ती.

दादा : पास.

लेक : काका, तिथे हलत नव्हती.

दादा : इथे हलतेय. मी जे बघतो त्याच्यावर शिक्का मारतो.

लेक : म्हणजे मी खोटं बोलतेय?

दादा : मी असं म्हटलं नाही. मी म्हणतो, दोष मोजता आला पाहिजे. नुसतं ‘समुद्रावर असं होतं’ हे माप नाही.

लेक : आणि मी म्हणते, जे कोरड्यात मोजता येत नाही ते नसतंच असं नाही. दिलीप दोंद्यांनी 2009 मध्ये ‘म्हादेई’ काढली आणि एकट्याने पृथ्वी फिरून 2010 मध्ये परत आले. बोट गोव्यात दिवार बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. वाटेत चारच बंदरं. दक्षिण महासागरात काही मोडलं असतं तर त्यांनी तुमच्या खोलीत मोजायला आणलं असतं का?

दादा : नसतं आणलं. पण बोट बांधताना दांडेकरांनी मोजलं नसतं तर दोंदे गोव्याच्या पुढे गेले नसते.

दोघांचंही खरं होतं आणि दोघांनाही ते आवडलं नव्हतं. जेवताना कुणी बोललं नाही. वहिनीने केर सांगरीची भाजी वाढली. चाळीस वर्षांत तिने ती आमटीइतकीच आपलीशी केली आहे, गूळ घालून. हे राजस्थानी माणसाला सांगू नये.

रात्री अकराला मला दिव्याचा उजेड दिसला. दादा मायक्रोमीटर घेऊन परातीपुढे बसला होता. एकेक छर्रा मोजत होता आणि वहीत लिहीत होता. पहाटे त्याने लेकीला उठवलं.

दादा : हे एका घरचे छर्रे नाहीत. अठ्ठावीस आहेत ते झिजलेले, 4.72 ते 4.74. अकरा आहेत ते 4.77, गोल गरगरीत. कुणी घातले?

लेकीला आठवलं. दिवाळीत पट्टी बदलली तेव्हा तिच्या मित्राने खराब झालेले छर्रे काढून बाजारातून नवे आणून टाकले होते. पांढरे प्लास्टिकचे. बसवले तेव्हा गाडी मस्त पळत होती.

दादा : आणि हळूहळू जड होत गेली.

लेक : हो. तुम्हाला कसं कळलं?

दादा : मीठ आण.

जयपूरहून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर सांभरचं सरोवर आहे, देशातलं सगळ्यात मोठं खाऱ्या पाण्याचं अंतर्गत सरोवर. तिथलं मीठ दादाच्या स्वयंपाकघरात बरणी भरून असतं. त्याने काचेच्या पेल्यात पाणी घेतलं आणि मीठ ढवळत राहिला. शंभर मिलिलिटरला पस्तीस ग्रॅमच्या आसपास, पाणी आणखी मीठ घेईना इथपर्यंत. निवळू दिलं. मग एकोणचाळीस छर्रे आत सोडले आणि चिकटलेले बुडबुडे सुटावेत म्हणून चमच्याने हलवले.

अठ्ठावीस तळाला गेले. अकरा वर येऊन तरंगत राहिले.

दादा : खालचे डेलरिन नावाच्या प्लास्टिकचे. पाण्याच्या 1.4 पट जड. वरचे नायलॉन, 1.14 पट. हे मिठाचं पाणी 1.2. समुद्रात दोन्ही बुडतील, तिथे तुला फरक दिसला नसता. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं, डेलरिन जवळजवळ पीत नाही. तुझ्या मित्राने कोरडे छर्रे बसवले. मुंबईच्या दमट हवेत, लाटांत भिजत ते महिन्या-महिन्याने फुगत गेले. मार्चमध्ये जागा उरली नाही. तू गाडी काढलीस, घरी वाळवलीस, इथे आणून उन्हाळ्यातल्या गच्चीवर ठेवलीस. पाणी उडून गेलं, छर्रे आकसले, गाडी पळायला लागली.

लेक : (हळू) म्हणजे मी खोटं बोलत नव्हते.

दादा : आणि माझं मापही चुकलं नव्हतं.

लेक : तुमचं माप जयपूरचं होतं.

याच्यावर दादाने जे केलं ते मला फार आवडलं. त्याने वाद घातला नाही. अकरा छर्रे दोन तास उकळले, त्याच पाण्यात झाकून रात्रभर ठेवले आणि सकाळी पुन्हा मोजले. 4.83. गाडीत भरले. गाडी पट्टीवर अर्धी चढली आणि अडली, ढकलल्यावर करकरली. जयपुरात, जूनच्या कोरड्या हवेत, एका स्वयंपाकघराच्या ओट्यावर मांडवा तयार झाला होता. दादाने लेकीकडे बघितलं. ‘‘आता नापास,’’ तो म्हणाला. अकरा छर्रे एका औषधाच्या डबीत गेले आणि डबीवर तारखेसह चिठ्ठी लागली.

डेलरिनचे नवे छर्रे बेअरिंगच्या एका ठोक दुकानात मिळाले, शेकड्याच्या हिशेबाने. भरायची युक्ती मात्र लेकीची. गाडी उलटी धरायची, छर्रे एकेक करून मार्गात सोडायचे, पडू नयेत म्हणून बोटावर व्हॅसलीनचा पुसटसा हात. मग पट्टीचं टोक अलगद सरकवायचं. शेवटी साबणाच्या पाण्याने व्हॅसलीन धुऊन टाकायचं. दादाने ‘‘राहू दे की थोडं’’ म्हणून बघितलं. नाही राहू दिलं.

उरली दोरी. इथेही दोघांचे दोन नकाशे होते.

दादा : दोन दोऱ्या. एक डावीकडे ओढणारी, एक उजवीकडे. गाडी दोन्हीकडून बांधलेली, पाहिजे तिथे पक्की.

लेक : मोठ्या बोटींवर तसंच असतं. आमच्याकडे दोन माणसं, चार हात, त्यातला एक सुकाणूवर, एक शिडाच्या दोरीवर. पुढचा माणूस तारेला लटकून बोटीबाहेर. बोटीचं तोंड फिरवलं की प्रत्येक वेळी एक सोडा, दुसरी ओढा, कोण करणार? आमची दोरी एकच. दांड्याच्या मध्यापासून गाडीपर्यंत आणि गाडीवरच्या क्लीटमध्ये. एक फूट सोडली की गाडी मध्यापासून एक फूट जाते, वारा ज्या बाजूला ढकलेल त्या बाजूला. तोंड फिरवलं की गाडी आपणहून पलीकडे एक फुटावर जाऊन थांबते.

दादा : म्हणजे तू जागा ठरवत नाहीस, अंतर ठरवतेस.

लेक : बाजू वारा ठरवतो.

दादा : आणि दोरीचं उरलेलं टोक?

लेक : शिडाच्या दोरीच्या टोकाला जोडलेलं. एकच लांब दोरी, एक टोक शिडाचं, एक गाडीचं. पाण्यात लोंबकळत नाही, पायात अडकत नाही आणि अंधारातही हातात येते ती दोन्हींपैकी एक असतेच.

दादाला हे पटलं. त्याने फक्त पट्टीच्या दोन्ही टोकांना अडसर आहेत ना, ते स्टेनलेसच्या स्क्रूने बसवताना अ‍ॅल्युमिनियमला थेट धातू लागू न देता मध्ये नायलॉनची चकती आणि मलम घातलंय ना, एवढं विचारलं. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडतं, हे त्याला पाठ होतं. ‘‘इथे नायलॉन चालेल,’’ तो म्हणाला, ‘‘चकतीला पळायचं नसतं.’’

शेवटची चाचणी गच्चीच्या जिन्याखाली झाली. वर ओढणारं शीड जयपुरात कुठून आणायचं? दादाने पट्टी उलटी केली आणि लोखंडी कठड्याच्या खालच्या अंगाला शिकंजांनी आवळली. आता वर म्हणजे खाली. गाडीच्या कडीला वीस किलो आट्याची गोणी लटकवली, मग दोन बादल्या पाणी. लेकीने करंगळीने ढकललं. गाडी हातभर पट्टी सरसर पार करून टोकाच्या लाकडी ठोकळ्यावर आपटली. दादाने तिला परत आणली आणि स्वतः ढकलली. मग मला बोलावलं. मग वहिनीला.

तेवढ्यात आंधी आली. जयपूरची जूनमधली आंधी म्हणजे पाच मिनिटांत दिवस मावळतो आणि दातांखाली कचकच होते. कपडे गोळा करून आम्ही खाली पळालो. अर्ध्या तासाने येऊन बघतो तर गाडीवर तांबूस धुळीचा थर आणि ती पुन्हा खरखरत चालतेय.

दादा : बघ. सील असतं तर?

लेकीने बादलीतला एक तांब्या भरून पट्टीवर ओतला. गाडीतून गढूळ पाण्याची धार खाली आली, मग स्वच्छ. करंगळी लावली. सरसर.

दादा त्या धारेकडे बघत राहिला. ‘‘दर महिन्याला चार छर्रे काढून मोजायचे,’’ तो म्हणाला. ‘‘वहीत लिहायचे. तारीख, माप.’’

‘‘धुऊन ठेवेन,’’ लेक म्हणाली.

‘‘मोजायचे.’’

‘‘धुईन काका.’’

निघायच्या दिवशी चतुर्थी होती. वहिनीने रात्री साबुदाणा भिजत घातला होता. सकाळी ती पातेलं घेऊन ओट्यावरून बाहेर आली. तिच्या दोन बोटांत एक दाणा होता, टणक, पांढरा, रात्रभर भिजूनही जराही न फुगलेला.

‘‘हा तुमच्यातला का बघा,’’ ती म्हणाली. ‘‘भिजत नाहीये.’’

दादाने मायक्रोमीटर मागवला.